सरकारी दवाखाना : तपासणी आणि तरतूद

सरकारी दवाखान्याची तपासणी म्हटली कीं, आपणां सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. साहेबांची मोटार यावयाची असते. अंगण झाडून, सडा घालून तयार असतें. खाटांवर त्याच सकाळीं कपाटांतून काढलेल्या चादरी पसरलेल्या असतात. साहेब येतात, शेरेबुकांत चार ओळी लिहितात, चहा घेतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशीं चादरी पुन्हां कपाटांत जातात. तरतूद म्हटली कीं, दुसरेंच एक चित्र मनांत येतें. अर्थसंकल्पाच्या दिवशीं वर्तमानपत्रांत कोट्यवधि रुपयांचे आंकडे छापून येतात. आपण ते वाचतों, मान हलवतों आणि पान उलटतों. ह्या दोन चित्रांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आज मला श्रोत्यांपुढें एवढेंच मांडावयाचें आहे कीं, तपासणी आणि तरतूद हीं एकाच गाड्याचीं दोन चाकें आहेत. एक चाक निखळलें तर दुसरें कितीहि मजबूत असलें तरी गाडा जागच्या जागीं गिरक्या घेत राहतो. आणि त्या गाड्यांत बसलेला जो रोगी, तो मात्र मुक्कामाला पोंचत नाहीं.

विषय हवेंत राहूं नये म्हणून आपण एक गांव डोळ्यांसमोर ठेवूं. वर्धा शहराला लागून पिपरी मेघे नांवाचें गांव आहे. त्या बाजूच्या कित्येक गांवांच्या नांवापुढें ‘मेघे’ हें उपपद येतें; सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगांव मेघे, त्यांतलेंच हें एक. नकाशा उघडून पाहिला तर वैद्यकीय मदतीच्या बाबतींत या गांवासारखें भाग्यवान गांव विरळाच, असें कोणालाहि वाटेल. एकीकडे सेवाग्राम आहे. तेथें कस्तुरबा रुग्णालय आहे, आणि १९६९ सालीं, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, डॉ. सुशीला नय्यर यांनीं स्थापन केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. दुसरीकडे सावंगी मेघे येथें १९९० सालीं निघालेलें जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलें आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. शिवाय वर्धा शहरांत जिल्हा सामान्य रुग्णालय आहेच. २०११ च्या जनगणनेप्रमाणें अवघी तेरा लाख वस्ती असलेल्या जिल्ह्यांत दोन वैद्यकीय महाविद्यालयें आहेत! मग उणीव ती कसली?

परंतु मोठें रुग्णालय जवळ असणें आणि रोजची आरोग्यसेवा दाराशीं असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया करावयाची असेल तर मोठें रुग्णालय हवें, हें खरें. पण दीड महिन्याच्या बाळाला लस टोंचणें, गरोदर बाईचें रक्त तपासणें, क्षयरोग्यानें महिनोन् महिने गोळ्या चुकवूं नयेत म्हणून त्याच्या मागें लागणें, रक्तदाबाच्या म्हाताऱ्याला दर महिन्याला त्याच गोळ्या त्याच खिडकीवर मिळणें, यांसाठीं मोठ्या रुग्णालयाच्या रांगेंत अर्धा दिवस घालविणें कोणाला परवडतें? मोलमजुरी करणाऱ्याला तर नाहींच नाहीं. हीं कामें उपकेंद्राचीं आणि प्राथमिक आरोग्यकेंद्राचीं आहेत. दिव्याखालीं अंधार असतो म्हणतात, तो असा. मोठ्या दिव्यांकडे पाहतां पाहतां लहान पणत्यांत तेल आहे कीं नाहीं, हें पाहावयाचें राहून जातें.

पिपरीसारख्या गांवाची दुसरीहि एक अडचण आहे आणि ती कागदावरची आहे. जें गांव शहराला लागून वाढतें, तें जनगणनेच्या तीन कसोट्यांना उतरतें: वस्ती किमान पांच हजार, पुरुष कामकऱ्यांपैकीं शेंकडा ७५ तरी शेतीबाहेरच्या व्यवसायांत, आणि दर चौरस किलोमीटरला किमान चारशें माणसें. अशा गांवाला जनगणनेच्या भाषेंत ‘जनगणना-नगर’ म्हणतात. राहणी शहराची, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा, अशी ही स्थिति. आरोग्यसेवेचीं मापें ठरवितांना सपाट प्रदेशांत पांच हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्यकेंद्र, असें ग्रामीण प्रमाण धरलें जातें. शहरांसाठीं २०१३ सालीं राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान निघालें. पण तें पन्नास हजारांवरील शहरें आणि जिल्ह्यांचीं मुख्य ठिकाणें डोळ्यांपुढें ठेवून. शहराच्या वेशीबाहेर, पण शहरासारखें दाट वसलेलें गांव या दोन मापांच्या सांध्यावर येऊन पडतें. त्यांत भर अशी कीं, २०२१ सालीं व्हावयाची जनगणना त्या वर्षीं झाली नाहीं. त्यामुळें माणसें आजचीं, पण त्यांच्यासाठीं मोजलेलें माप २०११ चें, असा प्रकार झाला. नवीन घर बांधून राहावयास आलेलें कुटुंब दवाखान्याच्या दारांत उभें राहतें. परंतु ज्या कोष्टकावरून त्या दवाखान्याच्या औषधांची आणि माणसांची संख्या ठरते, त्या कोष्टकांत तें कुटुंब नसतेंच. कोणीहि चोरी केलेली नाहीं, कोणीहि कामचुकारपणा केलेला नाहीं, आणि तरीहि औषध अपुरें पडलें, असें घडूं शकतें. हा तरतुदीचा पहिला धडा.

आतां, हें माप आलें कोठून, हें थोडक्यांत पाहूं. १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली आणि तिनें १९४६ सालीं आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीहि उपचारावांचून राहूं नये, हें त्या अहवालाचें मूळ सूत्र होतें. तूर्त चाळीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावें, आणि दीर्घकालीन योजनेंत दहा ते वीस हजारांमागें ७५ खाटांचें रुग्णालय असावें, अशी त्या समितीची मागणी होती. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्यकेंद्रें निघूं लागलीं. महाराष्ट्रांत १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा आल्या, आणि हीं केंद्रें त्यांच्या देखरेखीखालीं गेलीं. तेव्हांपासून आपल्याकडे आरोग्याचा कारभार दोन हातांनीं चालतो. उपकेंद्र आणि प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हातीं. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय राज्य सरकारच्या जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हातीं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें तर तिसऱ्याच खात्याच्या अखत्यारींत. रोग्याला हे विभाग ठाऊक नसतात आणि ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं. तपासणी करणाराला मात्र ते ठाऊक असावे लागतात. कारण गळक्या छपराबद्दल कोणाला लिहावयाचें, हें त्यावरच अवलंबून असतें.

पैसाहि असाच अनेक वाटांनीं येतो. कायम नोकरांचे पगार राज्याच्या तिजोरींतून होतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्रानें शेंकडा ६० आणि राज्यानें शेंकडा ४० असा वांटून घ्यावयाचा असतो. इमारत, रुग्णवाहिका अशा कामांना जिल्हा नियोजन समितीचा निधि मिळतो. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या पांच वर्षांसाठीं स्थानिक संस्थांच्या मार्फत आरोग्यावर खर्च करण्याकरितां साऱ्या देशासाठीं ७०,०५१ कोटी रुपयांचें अनुदान सुचविलें. इतक्या वाटा असल्यावर हौद भरून वाहावयास पाहिजे. पण प्रत्येक वाटेवर आपापला बंधारा असतो. एका शीर्षकाखालीं आलेली रक्कम दुसऱ्या शीर्षकाखालीं खर्च करतां येत नाहीं. इमारतीचा पैसा औषधाला चालत नाहीं, औषधाचा पैसा विजेच्या तारा बदलावयास चालत नाहीं. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतें. आणि वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत हातीं आलेली रक्कम घाईघाईनें खर्चावी तरी लागते, नाहीं तर परत जाऊं द्यावी लागते. घर चालविणाऱ्या गृहिणीला जर कोणी सांगितलें कीं, वर्षाचा किराणा मार्चच्या शेवटीं एकदम भरा, तर ती काय म्हणेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

म्हणूनच २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, तेव्हां त्यांत एक लहानशी पण शहाणपणाची सोय होती. उपकेंद्राला वर्षाला दहा हजार आणि प्राथमिक केंद्राला पंचवीस हजार रुपये अशी बंधनमुक्त रक्कम द्यावी, केंद्राच्या देखभालीसाठीं वेगळे पन्नास हजार, आणि रुग्ण कल्याण समितीच्या हातीं एक लाख, असें त्या वेळीं ठरविण्यांत आलें. रक्कम मोठी नव्हे. पण तुटलेला नळ, जळलेला दिवा, प्रसूतिगृहाचा पडदा, पावसाळ्यांत रुग्णांना उभें राहावयास लागणारें छप्पर, यांसाठीं मुंबईला पत्र लिहिण्याची गरज नाहीं, हें त्या पैशानें प्रथमच शक्य झालें. पुढें १५ ऑगस्ट १९४७ च्या शहात्तराव्या वर्धापनदिनीं, म्हणजे १५ ऑगस्ट २०२३ पासून, महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागानें आपल्या सर्व रुग्णालयांतील सेवा निःशुल्क केल्या. गरिबाच्या दृष्टीनें ही गोष्ट इष्टच झाली. परंतु केसपेपरच्या शुल्कांतून रुग्णालयाच्या हातीं जें किरकोळ उत्पन्न येत होतें, तें त्याबरोबर थांबणार, हेंहि ओघानेंच आलें. सेवा फुकट झाली म्हणजे तिचा खर्च नाहींसा होत नाहीं. तो फक्त दुसऱ्या खात्यावर जातो. तें दुसरें खातें वेळेवर भरलें जातें कीं नाहीं, हें पाहणें हा तपासणीचाच एक भाग समजला पाहिजे.

आतां तपासणीकडे वळूं. चांगली तपासणी कशी ओळखावी? सरकारी दवाखान्यांसाठीं २०१३ पासून जीं राष्ट्रीय गुणवत्ता मानकें अमलांत आहेत, त्यांत तपासणीच्या चार रीती सांगितल्या आहेत: डोळ्यांनीं पाहणें, नोकरवर्गाला विचारणें, दप्तर वाचणें आणि रोग्याशीं बोलणें. ह्या चारी रीती साध्या दिसतात. पण त्यांची खरी शक्ति त्या एकमेकींवर ताडून पाहण्यांत आहे. लशींच्या शीतकपाटाचें उदाहरण घेऊं. लस दोन ते आठ अंश उष्णतामानांत राहिली पाहिजे, आणि त्याची नोंद दिवसांतून दोनदां झाली पाहिजे. शेरा मारणारा अधिकारी नोंदवही उघडतो. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ‘चार, चार, चार’ असे सुबक आंकडे दिसतात. तो संतुष्ट होऊन सही करतो. परंतु जाणता तपासनीस विचारतो, गेल्या मंगळवारीं गांवांतली वीज सात तास गेली होती, तरीहि हा आंकडा चारच कसा? मग तो उष्णतामापक स्वतः पाहतो, परिचारिकेला विचारतो, आणि ज्या बाळांना त्या आठवड्यांत लस टोंचली त्यांच्या आयांची चौकशी करतो. नोंदवही खोटें बोलूं शकते. चौघे साक्षीदार मिळून खोटें बोलणें कठीण असतें.

तीच गोष्ट औषधांची. साठ्याच्या पुस्तकांत गोळ्या शिल्लक आणि खिडकीवर ‘औषध नाहीं’ अशी पाटी, असें आढळलें तर कोठें तरी पाणी मुरतें आहे. पण उलटहि असूं शकतें. पुस्तकांत साठा शून्य, मागणीपत्र तीन वेळां पाठविलेलें, आणि वरून एकहि पेटी आलेली नाहीं. पहिल्या बाबतींत दोष केंद्राचा, दुसऱ्या बाबतींत दोष वरच्या कचेरीचा. दोन्ही ठिकाणीं शेरा मात्र एकच पडतो, ‘औषधसाठा असमाधानकारक’. आणि ज्ञापन जातें तें खालच्या डॉक्टरला. तपासणी वरून खालीं होते, तसा जाबहि वरून खालींच विचारला जातो. खालच्यानें वरच्याची तपासणी केली असें क्वचितच घडतें. म्हणून माझ्या मतें प्रत्येक तपासणी-अहवालाला दोन रकाने असावेत: एका रकान्यांत केंद्रानें स्वतः करावयाच्या गोष्टी, आणि दुसऱ्यांत वरच्या कचेरीनें पैसा किंवा माणूस दिल्याशिवाय होऊंच न शकणाऱ्या गोष्टी. पहिल्या रकान्याबद्दल डॉक्टरला जाब विचारावा. दुसऱ्याबद्दल, ज्यानें अहवाल वाचून बाजूला ठेवला त्याला.

हा भेद न केल्याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो, हें विदर्भानें पाहिलें आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहांटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या विशेष दक्षता कक्षांत आग लागली आणि दहा अर्भकें मृत्यु पावलीं. सात बालकांना वांचविण्यांत यश आलें. जीं गेलीं त्यांना ह्या जगांत येऊन धड तीन महिनेहि झाले नव्हते. सारा महाराष्ट्र हळहळला. सर्व रुग्णालयांची अग्निसुरक्षेच्या दृष्टीनें तपासणी करण्याचे आदेश निघाले. आणि त्याच वर्षीं, दहा महिन्यांनीं, ६ नोव्हेंबरला अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आग लागून ११ रुग्ण दगावले. वास्तविक २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणें, इमारतीतील आगीपासून संरक्षण करणारीं साधनें चालू स्थितींत आहेत असें प्रमाणपत्र वर्षांतून दोनदां, जानेवारींत आणि जुलैंत, द्यावें लागतें. म्हणजे नियम होता, तपासणीची रीतहि होती. पण नियम कागदावर असून आग विझत नाहीं. जुन्या तारा बदलावयास, पाण्याचे फवारे बसवावयास, धुराची सूचना देणारी घंटा लावावयास आणि रात्रपाळीला एक माणूस जादा नेमावयास पैसा लागतो. सर्व सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, ही म्हण घरच्या लग्नकार्याइतकीच सरकारी रुग्णालयालाहि लागू आहे. जी तपासणी दोष दाखविते पण तो दूर करण्याचा पैसा आणि तारीख ठरवीत नाहीं, ती तपासणी म्हणजे पुढच्या चौकशी-समितीसाठीं जमविलेला पुरावा होय. दुसरें कांहीं नाहीं.

याच्या उलट, पैशाच्या हिशेबावर डोळा ठेवला आणि रोग्यावरचा काढला, तर काय होतें, याचें उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. तेथें ५ जुलै १९४८ पासून सर्व नागरिकांना सरकारी खर्चानें वैद्यकीय मदत मिळते, आणि त्या व्यवस्थेचें जगभर कौतुक होतें. अशा देशांतहि स्टॅफर्ड येथील रुग्णालयांत २००५ ते २००९ या काळांत रोग्यांची दारुण हेळसांड झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां असें दिसून आलें कीं, व्यवस्थापनाचें सारें लक्ष जमाखर्चाच्या तोंडमिळवणीकडे आणि ठरवून दिलेले आंकडे गांठण्याकडे होतें. आंकडे ठीक होते; रोग्यांना पाणी मिळत नव्हतें. रोग्यांच्या नातलगांनीं तक्रारी केल्या होत्या. परंतु तपासणीच्या नमुन्यांत त्या तक्रारींना रकानाच नव्हता म्हटलें तरी चालेल. आपल्याकडे २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेंत स्वच्छ रुग्णालयांना पारितोषिकें देतात. स्वतःची तपासणी, शेजारच्या संस्थेकडून तपासणी आणि बाहेरच्यांकडून तपासणी, अशा तीन पायऱ्या तींत आहेत, आणि शेंकडा ७० गुण मिळवावे लागतात. योजना चांगली आहे. पण तिची मर्यादाहि ओळखली पाहिजे. बक्षिसाचा पैसा जें केंद्र आधींच ठीक आहे त्याच्याकडे जातो. ज्याचें छप्पर गळतें तें सत्तर गुणांपर्यंत पोंचतच नाहीं. हुशार मुलाला पाटी-पुस्तक बक्षीस द्यावें हें योग्य. पण ज्याच्याजवळ पाटीच नाहीं त्यानें परीक्षा कशी द्यावी?

मग पैसा आणि देखरेख यांची गांठ घालावी कशी? त्याचें एक उत्तर पिपरीच्या शेजारीं, सेवाग्रामलाच सांपडतें. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या खर्चाची वांटणी मोठी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. निम्मा भार केंद्र सरकारनें, पाव भार राज्य सरकारनें आणि पाव भार कस्तुरबा हेल्थ सोसायटीनें उचलावा, अशी ती वांटणी. तिघांचा पैसा असला म्हणजे तिघांचा डोळाहि असतो. पण याहून बोधप्रद गोष्ट आहे ती ज्वारीची. १९८० च्या सुमारास त्याच संस्थेंतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी यांनीं आसपासच्या खेड्यांत एक आरोग्यविम्याची योजना चालविली. सुगीच्या वेळीं, जेव्हां शेतकऱ्याच्या खळ्यांत धान्य असतें तेव्हां, प्रत्येक कुटुंबानें आपापल्या ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावयाची. जमीनवाल्यानें अधिक, भूमिहीनानें थोडी. त्या मोबदल्यांत गांवांत प्राथमिक उपचाराची सोय आणि रुग्णालयांत सवलतीनें किंवा विनामूल्य उपचार मिळावयाचे.

या योजनेंतून जमणाऱ्या ज्वारीवर मोठें रुग्णालय चाललें असतें, असें कोणीहि म्हणणार नाहीं. तिचें महत्त्व निराळें आहे. ज्यानें पायली दोन पायली ज्वारी दिली, तो दवाखान्यांत याचक म्हणून येत नाहीं. तो विचारतो, माझ्या गांवांत परिचारिका गेल्या आठवड्यांत कां आली नाहीं? दान घेणारा मुकाट्यानें घेतो. वर्गणी देणारा हिशेब मागतो. खरें पाहिलें तर आपण सगळेच वर्गणीदार आहोंत. मीठमिरचीपासून आगपेटीपर्यंत बाजारांत जें जें घेतलें जातें, त्याच्या किमतींत कोठें ना कोठें कराचा अंश असतो, आणि तो पिपरीचा मजूरहि भरतो. ज्वारी दिसते म्हणून तिचा हिशेब मागावासा वाटतो. कर दिसत नाहीं म्हणून मागावासा वाटत नाहीं, इतकाच काय तो फरक.

हा हिशेब मागण्याची रीतसर सोय महाराष्ट्रांत २००७ सालीं झाली. ठाणें, पुणें, उस्मानाबाद (आतांचें धाराशिव), अमरावती आणि नंदुरबार या पांच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू करण्यांत आला. गांवकऱ्यांच्या समितीनें आपल्या उपकेंद्राचें प्रगतिपुस्तक भरावयाचें. चांगलें असेल तेथें हिरवा रंग, मध्यम असेल तेथें पिवळा, वाईट असेल तेथें लाल. अक्षरओळख नसलेल्या बाईलाहि तें वाचतां यावें, ही त्यांतली योजना. मग जनसुनवाईंत अधिकारी आणि गांवकरी समोरासमोर बसावयाचे आणि लाल रंगाचीं कारणें विचारावयाचीं. साहेबांच्या तपासणींत आणि ह्या तपासणींत एक मूलभूत भेद आहे. साहेब वर्षांतून एकदां येतात आणि त्यांचें येणें आधीं कळतें. गांवकरी रोजच येतो आणि तो केव्हां येईल हें कोणालाच ठाऊक नसतें. अर्थात् गांवकऱ्याला औषधाचा गुण तपासतां येत नाहीं, जंतुनाशक यंत्राचा दाब वाचतां येत नाहीं. तेथें तज्ज्ञच पाहिजे. म्हणून एक तपासणी दुसरीची जागा घेऊं शकत नाहीं. दोन्ही असाव्या लागतात.

शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांना हें सारें परकें वाटण्याचा संभव आहे. आमचा डॉक्टर खाजगी, आमचा विमा निराळा, सरकारी दवाखान्याशीं आमचा काय संबंध, असा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. पण तो बरोबर नव्हे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०१३-१४ सालीं देशांतल्या एकूण आरोग्यखर्चापैकीं शेंकडा ६४.२ खर्च लोक स्वतःच्या खिशांतून करीत होते. २०२१-२२ सालीं तो शेंकडा ३९.४ पर्यंत उतरला, आणि सरकारचा वांटा शेंकडा २८.६ वरून ४८ वर गेला. सुधारणा झाली, हें मान्य केलें पाहिजे. तथापि सरकारी खर्चाचें राष्ट्रीय उत्पन्नाशीं प्रमाण शेंकडा १.८४ एवढेंच होतें. आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें २०२५ पर्यंत तें शेंकडा अडीचवर नेण्याचें, तसेंच निदान दोन तृतीयांश खर्च प्राथमिक सेवेवर करण्याचें उद्दिष्ट ठेवलें होतें. शिवाय रोगाची सांथ वर्गवारी पाळीत नाहीं. आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईच्या मुलाला गोंवराची लस मिळाली कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या मुलाच्या शाळेपर्यंत येऊन पोंचतो.

करावयाचें काय? २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें नागरिकाला केवळ कागदाची नक्कल मागण्याचा नव्हे, तर काम, दप्तर आणि नोंदी प्रत्यक्ष पाहण्याचाहि हक्क दिला आहे. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं आदेश काढून जिल्हास्तरावरील कचेऱ्यांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारीं तीन ते पांच या वेळांत नागरिकांना दप्तर पाहूं द्यावें असें ठरविलें. तेव्हां आपल्या वस्तीला जो सरकारी दवाखाना लागतो, त्याच्याविषयीं पांच प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं. शेवटची तपासणी केव्हां झाली, आणि तिच्यांत कोणते दोष निघाले? त्यांपैकीं किती दूर झाले, आणि राहिलेल्यांसाठीं पैसा कोणीं मागितला, कोणीं दिला नाहीं? रुग्ण कल्याण समितीची बैठक केव्हां भरली आणि तिनें काय खर्च केला? आगीपासून संरक्षणाचें या सहामाहीचें प्रमाणपत्र आहे काय? आणि हा दवाखाना किती वस्तीसाठीं आहे असें कागद म्हणतात, व प्रत्यक्षांत ती वस्ती किती आहे?

हे प्रश्न सौम्य शब्दांत, डॉक्टर आणि परिचारिका यांचा मान राखून विचारावेत. कारण पुष्कळ वेळां तेहि ह्याच उणिवांनीं गांजलेले असतात, आणि बाहेरच्यानें विचारलेला प्रश्न त्यांना वरच्या कचेरीशीं बोलावयास बळ देतो. पिपरी मेघेच्या एखाद्या आईनें आपलें तान्हें मूल उपकेंद्राच्या दारांत आणलें, तेव्हां शीतकपाट चालू असावें, कुपींत लस असावी, आणि ती टोंचणारी परिचारिका जागेवर असावी, एवढीच तिची अपेक्षा असते. ती पुरी होण्यासाठीं दिल्लीच्या तिजोरीपासून गांवाच्या ग्रामसभेपर्यंत जेवढे दुवे लागतात, त्यांतला एकेक दुवा तपासून पाहण्याचें आणि तो तुटका निघाल्यास सांधण्याचा पैसा मागण्याचें काम सरकारचें आहे, तसेंच तें आपलेंहि आहे.